दहा सेकंदांत साचा कळत नाही

राहायला मी बहादरपुरात, पण चाळीस वर्षं बऱ्हाणपुरात पॉवरलूमचे साचे दुरुस्त केले. साचा बिघडण्याआधी त्याचा आवाज बदलतो. खटखट नीट चालू असताना मध्येच एक ठोका चुकतो, आणि मालक पाहायला आला की तोच साचा शहाण्यासारखा चालतो. अशा साच्यापाशी मी पाळीभर बसून राहायचो.

गेल्या वर्षी शाळेतल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंना माझ्या नातीच्या छातीत ठोक्याबरोबर एक बारीक ‘टक्’ ऐकू आला. इंदूरला नेऊन इको केला. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये मायट्रल झडप असते. तिचे दोन पडदे बारीक दोऱ्यांनी धरलेले असतात. ते सैल असले की प्रत्येक ठोक्याला पडदा वरच्या कप्प्याकडे फुगतो. तोच हा टक्. आवाज झडपेचाच आहे, हे जोहान्सबर्गच्या डॉ. जॉन बार्लो यांनी १९६३ साली मांडलं. त्याआधी तो हृदयाबाहेरचा, दुर्लक्ष करण्याजोगा मानायचे.

आम्ही परत येईपर्यंत गल्लीने निकाल दिला होता: कबड्डी बंद, जिना बंद, आणि बाहेर बोलू नका, पोरीची जात आहे. या शेवटच्या वाक्याचा मला अजून राग येतो.

बहुतेक मुलांना अशा सैल झडपेचा काहीच त्रास होत नाही. काहींना मधूनच जादा ठोके येतात, धडधडतं. तेही बहुधा निरुपद्रवी. धोक्याची लय अगदी थोड्यांत. पण ती थोडी ओळखायची कशी? साधा ईसीजी दहा सेकंदांचा; तेवढ्यात पंधराएक ठोके सापडतात. बारा वर्षांच्या पोरीचं हृदय दिवसाला लाखावर ठोके देतं. ईसीजी हवाच, पण तो म्हणजे मालक समोर उभा असतानाचा साचा.

म्हणून होल्टर. छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला डबी, २४ तास ठोक्यांची नोंद. काय करताना काय वाटलं ते वहीत लिहायचं. नातीने लिहिलं: ‘५:४० कबड्डी, मजा. ९:१५ काही नाही, आजोबा घोरतात.’ जादा ठोके निघाले, पण थोडे, आणि धावताना तेही गायब. झडपेतून गळती नाही, चक्कर नाही, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, खेळू द्या, वर्षाने दाखवा.

माझं म्हणणं एवढंच, की आधी नोंद, मग बंदी. झडप हा शब्द ऐकून पोराला घरात कोंडणं हा उपचार नव्हे. आणि उलट चूकही आपणच करतो. धावता धावता पोर बेशुद्ध पडलं की आपण मिरगी म्हणतो आणि चप्पल हुंगवतो. पोर दोन मिनिटांत उठून बसतं, आणि चपलेला श्रेय मिळतं. खेळताना आलेली अशी चक्कर हृदयाची असू शकते. त्या पोराचा ईसीजी आणि इको झालाच पाहिजे, आणि तोवर मात्र मैदान बंद.

शाळेतल्या गुरुजींना, मॅडमना एक विनंती. पोर कोसळलं, हलवूनही उठत नाही आणि श्वास नीट घेत नाही, तर चप्पल शोधू नका. एकाने १०८ ला फोन लावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका.