शौचालयाबाहेरचं स्टूल

पालकसभेत प्रगतिपुस्तकं वाटून झाली, गॅदरिंगची तारीख ठरली, फीचा विषय नेहमीप्रमाणे लांबला. ‘आणखी काही?’ असं मुख्याध्यापिकांनी विचारलं तेव्हा मी हात वर केला. ‘छोट्या शिशूतल्या मुलांना शू लागली की त्यांना कोण नेतं? आणि शौचालयं कधी धुतात, शाळा भरलेली असताना की सुटल्यावर?’ वर्ग एकदम शांत झाला. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, ‘अहो ताई, आपली शाळा चांगली आहे. असले विषय इथे कशाला?’

त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण या एका वाक्यात आपली सगळी गफलत आहे. शाळा चांगली म्हणून प्रश्न नको, असं आपण म्हणतो. माझं म्हणणं उलट आहे: जिथे हा प्रश्न विचारता येतो, तीच शाळा चांगली.

बदलापूरच्या पालकांनाही आपली शाळा चांगलीच वाटत होती. ऑगस्ट २०२४मध्ये तिथे बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाला. आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता. तक्रार नोंदवून घ्यायलाही पोलीस ठाण्यात आईवडिलांना तासन्‌तास बसवून ठेवलं गेलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल थांबल्या, तेव्हा कुठे राज्याला जाग आली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अधिकारी निलंबित झाले, घटना न कळवल्याबद्दल विश्वस्तांवर गुन्हा नोंदला गेला. महिनाभरानंतर, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. अनेकांनी पेढे वाटले. त्या लोकांचा संताप मला कळतो, पण तो पेढा माझ्या घशाखाली उतरला नसता. आरोपी गेला आणि त्याच्यावरचा खटलाही गेला. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाशी पुरुष कामगाराचा संबंध आला कसा, त्याची चारित्र्य पडताळणी कोणी केली होती, हे भर न्यायालयात साक्षीपुराव्याने उलगडायला हवं होतं. गोळीने शिक्षा झाली असेल. दुसऱ्या शाळेतलं एकही मूल त्याने सुरक्षित झालं नाही.

‘आता कॅमेरे बसवलेत ना,’ असं हल्ली ऐकायला मिळतं. घटनेनंतर निघालेल्या शासन निर्णयाने कॅमेरे आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी यांवर भर दिला. दोन्ही हवंच. पण स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. तिथे माणूसच लागतो. दाराशी बसलेली एक मावशी, साफसफाईची ठरलेली वेळ, वर्गाच्या दाराला काच, एकट्या मुलाला एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत न ठेवण्याचा नियम. या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. त्या होताहेत का हे पाहणारं कोणीतरी लागतं.

मुलांशीही त्यांच्या शरीराबद्दल बोलायला हवं. ‘एवढ्या लहान वयात हे सांगून मुलांची निरागसता का घालवायची?’ हा आक्षेप सगळ्यांत जुना. र. धों. कर्व्यांनी १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढलं तेव्हाही शहाणी माणसं असंच म्हणत होती, आणि कर्व्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावं लागलं. गॅसला हात लावू नको, रस्ता ओलांडताना हात सोडू नको, हे आपण तीन वर्षांच्या मुलाला सांगतो. त्याने कोणाची निरागसता गेली नाही. पण शरीराच्या त्या भागांना आपण घरात नावच देत नाही. ‘छी’ म्हणतो. मग काही घडलंच तर मूल सांगणार कोणत्या शब्दांत? ‘शूच्या जागी दुखतंय’ एवढंच ते म्हणू शकतं, आणि आपण पावडर लावून झोपवतो.

यातूनच पुढचा आक्षेप निघतो, की मुलं काहीही कल्पना करतात, एखाद्या सज्जन शिक्षकाचं आयुष्य उद्ध्वस्त होईल. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. रडणाऱ्या मुलाला जवळ घेताना हल्ली पुरुष शिक्षकाचा हात अडखळतो, हे मी पाहिलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण सज्जन शिक्षकाला झाकपाक वाचवत नाही. उघडं दार आणि सगळ्यांना ठाऊक असलेला नियम त्यालाही वाचवतो. शिवाय खरंखोटं ठरवणं हे शाळेचं कामच नाही. बाल लैंगिक अत्याचारविरोधी पोक्सो कायद्याच्या कलम १९नुसार नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवावं लागतं. संस्थेच्या प्रमुखाने ते टाळलं तर कलम २१खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो, तुम्ही बाहेर बोलू नका,’ असं शाळा म्हणते तेव्हा ती कायदा मोडत असते. प्रत्येक पालकाला हे तोंडपाठ हवं.

आणि हे फक्त मुलींच्या आयांचं दुखणं नाही. केंद्र सरकारने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १२,४४७ मुलं होती. त्यांतल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते.

पालकांनी करायचं काय? रुळांवर उतरायची वेळ येण्याआधी सभेत उभं राहायचं. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के जागा पालकांना दिल्या, पण विनाअनुदानित खासगी शाळा त्यातून वगळल्या. त्या शाळांतल्या पालकांना राज्याच्या २०११च्या शुल्क कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत चिठ्ठी टाकून घेतलं जातं, ते फीसाठी. म्हणजे पैशाबद्दल आपल्याला कायद्याने बोलता येतं, मुलाच्या अंगाबद्दल बोलायला मात्र भीड आडवी येते. राज्याच्या २०२२च्या परिपत्रकाने शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितली, तीत महिला पालकाला जागा आहे. आपल्या शाळेतल्या त्या बाईंचं नाव काय, हे उद्या विचारून पाहा. समितीचं इतिवृत्त मागा. एकटीने मागितलं तर ‘कटकटी आई’ म्हणतील, म्हणून दहा जणींनी मिळून मागा.

त्या दिवशी सभा संपल्यावर चपला घालताना एका आईने माझा दंड धरला. ‘बरं झालं तुम्ही बोललात. व्हॅनवाले काका माझ्या मुलाला रोज पुढे, शेजारी बसवतात. त्याला नको असतं. दोन महिने सांगतेय, मागे बसवा.’ आम्ही तिथेच वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या. सात सह्या झाल्या, त्यांतली एक मागच्या बाकावरच्या गृहस्थांची.

आता बालवर्गाच्या शौचालयाबाहेर एक लाकडी स्टूल आलं आहे, त्यावर मावशी असतात. धुणं-पुसणं शाळा सुटल्यावर होतं. ते मूल मागे बसतं. व्हॅनमध्ये सोबतीला बाई हवी, या मागणीवर मात्र अजून उत्तर आलेलं नाही. पुढची सभा दुसऱ्या शनिवारी आहे.