खुराडे बांधण्यापूर्वी

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर पोसणारे हे धान्य या तालुक्याच्या भाकरीचा आधार आहे. मात्र ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन या आवश्यक घटकाची उणीव असते. ही उणीव डाळ आणि दूध भरून काढतात, तसेच अंडेही काढते. मध्यम आकाराच्या एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात आणि शिवाय ब-१२ जीवनसत्त्वही मिळते. वाढत्या मुलांच्या ताटात भाकरीशेजारी घरचे ताजे अंडे असावे, या इच्छेने अंडी खाणारी अनेक कुटुंबे परसात कोंबड्या पाळण्याचा विचार करतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : कोणती कोंबडी जास्त अंडी देते?

सोलापूरच्या पर्जन्यछायेतील मुलखात हा प्रश्न दुसरा ठरावा. कोंबडी उन्हाळा कसा काढणार, हा पहिला.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. भोवतालची हवा ३२ अंशांच्या वर गेली की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते आणि खाणे कमी करते. धापांमुळे रक्तातील कर्बवायू घटतो, त्यामुळे अंड्याचे कवच पातळ होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हवाच तिच्या अंगाइतकी तापलेली असते आणि उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. अशा दुपारी तापलेल्या पत्र्याखाली बंद राहिलेली कोंबडी दगावू शकते. म्हणून खुराड्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट सावली, आणि तिच्या खालोखाल वारा.

खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत कमी शिरते. उत्तर आणि दक्षिण या बाजू जाळीच्या असाव्यात. कडुनिंबाची किंवा शेवग्याची सावली मिळाली तर फारच उत्तम. छपराला पत्रा घालावा लागला तर त्यावर ज्वारीच्या कडब्याचा जाड थर अंथरून बांधावा आणि उन्हाळ्यात तो दुपारी ओला करावा. मात्र कडबा वाळला की लवकर पेटतो, म्हणून चूल आणि विजेची तार त्यापासून दूर ठेवावी. आत प्रत्येक कोंबडीला किमान दोन चौरस फूट जागा द्यावी. सहा कोंबड्यांना तीन फूट रुंद व चार फूट लांब खुराडे पुरते, परंतु दिवसा फिरायला कुंपणाआड मोकळे अंगण हवेच. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर बसण्यासाठी गोल दांडी बसवावी. चार-पाच कोंबड्यांमागे एक फूट लांबी-रुंदीचा एक अंधारा खोका अंडी घालण्यासाठी पुरेसा होतो. तळाशी भाताच्या तुसाचा किंवा लाकडी भुशाचा दोन-तीन इंचांचा थर असावा. तो ओला झाला की लगेच बदलावा.

जाळी निवडताना थोडे थांबावे. षटकोनी विणीची स्वस्त जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. मुंगूस आणि साप लहानशा फटीतूनही आत शिरतात. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी वापरावी, ती जमिनीत फूटभर पुरावी आणि दाराला पक्की कडी बसवावी. रात्री दार बंद करण्याची जबाबदारी घरातील एका व्यक्तीच्या नावावर असावी.

आता जातीकडे वळू. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, मधूनमधून खुडूक होते आणि पिले उबवते. ती चपळ, काटक आणि या हवेला सरावलेली असते. ज्यांना पिलांची पैदास घरीच करायची आहे, त्यांच्यासाठी तिच्याइतकी योग्य दुसरी नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी विकसित केलेल्या वनराज आणि ग्रामप्रिया या जातींपैकी ग्रामप्रिया अंड्यांसाठी सरस आहे. चांगल्या देखभालीत ती गावठी कोंबडीच्या दुपटीहून अधिक अंडी देते. वनराज अंगाने भारी असल्याने तिला उष्णता अधिक जाणवते. मानेवर पिसे नसलेल्या कोंबड्या दिसायला देखण्या नसतात, परंतु उघड्या मानेवाटे उष्णता लवकर बाहेर पडत असल्याने त्या उन्हाळा चांगला सोसतात. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. तिचे मांस काळे असले तरी अंडे काळे नसते, आणि अंड्यांची संख्याही बेताचीच असते. २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरातून कडकनाथ पालनाचा मोठा गुंतवणूक घोटाळा उघडकीस आला होता, हे ध्यानात ठेवून भरमसाट उत्पन्नाच्या आश्वासनांपासून दूर राहावे. पिंजऱ्यासाठी तयार केलेल्या व्यापारी जाती परसात टिकाव धरत नाहीत. केवळ खाण्यासाठी अंडी हवी असतील तर कोंबडा ठेवण्याची गरज नसते. कोंबड्याविना कोंबडी अंडी देते, फक्त ती उबत नाहीत. आणि शेजाऱ्यांची पहाटही शांत राहते.

कोंबडीला रोज सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. पांढरी ज्वारी तिला मानवते. पण लायसिनची जी उणीव आपल्या भाकरीत आहे, तीच तिच्या दाण्यात असते. म्हणून नुसत्या ज्वारीवर कोंबडी अंडी कमी देते. सोयाबीनची पेंड, अझोला आणि अंगणातील किडे ही भर घालतात. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्वारीमुळे बलक फिका दिसतो. लसूणघास किंवा शेवग्याचा पाला दिला की तो पिवळाधमक होतो. बलकाच्या रंगावरून प्रथिनांची पारख मात्र करू नये. बुरशी लागलेले, काळे पडलेले धान्य माणसांनी टाकले म्हणून कोंबड्यांना घालू नये. त्यातील विषारी द्रव्ये यकृत बिघडवतात. उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि सायंकाळी द्यावे, दुपारी फक्त माठातील थंड पाणी, आणि ते दिवसातून दोन-तीनदा बदलावे.

कुटुंबाच्या आरोग्यासाठी काही नियम अपरिहार्य आहेत. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जंतू असू शकतात. कोंबड्यांना, अंड्यांना किंवा खुराड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांनी पिलांना तोंडाशी धरू नये. खुराडे झाडताना नाकावर कापड बांधावे. दम्याचा त्रास असलेल्याने हे काम करू नये. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना अंडे पूर्ण शिजवूनच द्यावे. कोंबडीला औषध चालू असताना आणि पशुवैद्यक सांगतील तितके दिवस त्यानंतरही तिची अंडी खाऊ नयेत. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग एकदा आला की सारे खुराडे रिकामे करू शकतो. त्याची लस पशुवैद्यकाच्या वेळापत्रकानुसार वेळेवर टोचून घ्यावी. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक दगावले तर ते कापू नयेत, फेकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २००६ साली नवापूरला आलेल्या बर्ड फ्लूने ही खबरदारी आवश्यक असल्याचे दाखवून दिले आहे.

सुरुवात पावसाळा सरल्यावर करावी. आठ-दहा आठवड्यांच्या लसीकरण झालेल्या तलंगा कार्तिकात आणल्या तर थंडीत त्या अंगाने भरतात आणि ऊन चढण्यापूर्वी स्थिरावतात. त्याआधी शेजाऱ्यांशी बोलावे आणि नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नियमांची चौकशी करावी. संख्या सहाच्या वर नेऊ नये. सहा कोंबड्यांचे खुराडे रोज झाडायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. घरातील कोणी तरी तेवढी मिनिटे वर्षभर देणार असेल, तरच खुराड्याची पहिली खुंटी ठोकावी.