वाडीची सभा वाडीतच भरवा!

जुन्नर-आंबेगावच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो! राज्य कोणी चालवावे, हा प्रश्न पुढाऱ्यांनाच आंदण दिलेला नाही. फ्रान्स देशी प्रूधाँ नावाचा, पिंपे घडविणाऱ्याचा मुलगा होऊन गेला. १८६३ साली ग्रंथ लिहून त्याने बजाविले की, सत्ता वरून खाली लादू नये. लहान लहान गावांनी आपखुशीने करार करून ती वर द्यावी, आणि दिल्याहून अधिक आपल्या हाती राखावी.

आपल्या पश्चिमेकडील आदिवासी गावांना लागू असलेला १९९६ चा पेसा कायदा काय निराळे सांगतो? त्यात वाडीलाही गाव धरता येते. वाडीची ग्रामसभा होऊ शकते. मग कातकऱ्या-ठाकरांनी डोंगर उतरून मोठ्या गावात मागे बसावे, व आधीच लिहिलेल्या ठरावावर अंगठा उठवावा, हे काय म्हणून?

मात्र सत्ता गावात आली म्हणजे गरिबाच्या हाती आली, असे समजू नका. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुळकर्ण्याच्या लेखणीची करणी उघडी केली. ती लेखणी गावातलीच होती ना? आणि प्रूधाँनेही बायांना चुलीशीच बांधले!

तेव्हा २०१४ च्या नियमांप्रमाणे वाडीच्या मतदारांनी बहुमताने ठराव करावा. सभेत बाया पुढे बसोत. ठराव मोठ्याने वाचून घ्या, मगच सही करा. न वाचलेला कागद हाच नवा कुळकर्णी!