वार्ता आणि विवेक

घरांत साप निघाल्यावर काठी शोधूं लागणारा गृहस्थ आणि स्फोट झाल्यावर जागें होणारें राज्य, यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. दहशतवादी व संघटित गुन्हेगार यांच्याशीं खरा सामना आधींच, मुकाट्यानें, गुप्त वार्तेच्या बळावर व्हावा लागतो. परंतु वार्ता हातीं आली म्हणजे काम झालें, असें मात्र नव्हे.

कौटिल्यानें हें फार पूर्वीं ओळखलें होतें. एकमेकांस न ओळखणाऱ्या तीन हेरांचें सांगणें जुळलें, म्हणजे तें विश्वसनीय मानावें, असा त्याच्या अर्थशास्त्रांतील दंडक आहे. वार्ता मिळविणें, जुळविणें आणि पारखणें हीं तिन्ही कामें त्यांत आलीं.

ता. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर हल्ला झाला व १६६ माणसें प्राणांस मुकलीं. वार्ता मुळींच नव्हती काय? होती. समुद्रमार्गानें हल्ला होण्याचा संभव आहे, ताजमहाल हॉटेलास धोका आहे, अशा सूचना त्याच वर्षीं आल्या होत्या. हॉटेलचा बंदोबस्त वाढविला गेला आणि पुढें सैल झाला. हल्लेखोरांसाठीं मुंबईची पाहणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीविषयीं त्याच्या दोन पत्नींनीं, निरनिराळ्या वेळीं, अमेरिकन अधिकाऱ्यांस सांगितलें होतें. दहा तरुण बधवार पार्कपाशीं उतरले, तेव्हां तेथील कोळी मंडळींनींही त्यांस हटकलें होतें. मणी होते, ओंवणारा दोरा नव्हता. त्यानंतर, निरनिराळ्या खात्यांच्या वार्ता एकत्र आणण्याकरितां २००१ सालीं निघालेलें केंद्र अहोरात्र चालूं लागलें, हें योग्यच झालें.

जुळविण्यांतील ही चूक झाली. पारखण्यांतील चूक याहूनही दारुण असते. १८३० नंतर स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें माफीच्या साक्षीदारांकडून ठगांच्या वंशावळी व वाटांचे नकाशे तयार करवून ठगी मोडली. परंतु गुन्हा रक्तांतूनच उतरतो, ही समजूतही त्याबरोबर बळावली. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, व पुढें तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. सोलापुरास तारेच्या कुंपणांत कैकाडी, पारधी आदींचीं कुटुंबें ठेवण्यांत आलीं. तेथें जन्मलेल्या तान्ह्या मुलानें कोणता गुन्हा केला होता? १९५२ सालीं हा कायदा गेला. कलंक अद्याप पुरता पुसला गेलेला नाहीं.

आमच्या वाचकांच्या मोठ्या कुटुंबांस यांतून कांहीं घेण्याजोगें आहे. तरुण मुलाच्या हातीं एकाएकीं पैसा खेळूं लागतो, बिऱ्हाडकरू आपलें नांवगांव सांगण्यास टाळतो, हें सरकारच्या आधीं घरांतल्या आजीबाईंस कळतें. कुळाचा लौकिक जाईल म्हणून तें झांकून ठेवण्याची आपली रीत आहे. ती रीत घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. सांगावें, वेळेवर सांगावें. पण स्वतः पाहिलें तेवढेंच सांगावें. अमका अमक्या जातीचा वा धर्माचा, म्हणून त्याच्याविषयीं संशय, ही वार्ता नव्हे; ती केवळ आपल्या मनाची मलिनता होय.