आत्याआजी चालते, पण बँडला ते दिसत नाही

वडिलांची आत्या, म्हणजे आमची आत्याआजी, हिंगोली जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात राहते. मागच्या दिवाळीत मी तिला माझा जुना फिटनेस बँड नेऊन दिला. ॲप माझ्या मोबाईलवर, बँड तिच्या हातात. म्हटलं, इथे बसून कळेल आजी किती फिरते ते.

पहिल्या आठवड्यात आकडा आला रोज ३००-४०० पावलं. मी लगेच फोन लावला आणि सुनावलं, "आजी, तू तर दिवसभर बसूनच असतेस!" ती म्हणाली, "काहून रे बाबा, सकाळ-संध्याकाळ वॉकर घेऊन व्हरांड्यात फिरते ना मी." मला ते खरं वाटलं नाही. आकडा समोर होता ना!

पुढच्या भेटीत तिच्यासोबत चाललो आणि तोंडाने पावलं मोजली. माझी मोजणी १००, बँडची ३१. संध्याकाळी ती हरिपाठाला बसली, जागची हललीसुद्धा नाही. पण टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात बँडवर पावलं वाढली. म्हणजे चाललेलं दिसलं नाही आणि बसलेलं मोजलं गेलं.

बँड पावलं मोजतो तरी कशी?

बँडला तुमचे पाय दिसत नाहीत. त्यात ॲक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. तो हाताला बसणारे झटके तीन दिशांनी मोजतो. ठरावीक जोराचे झटके एका लयीत आले की सॉफ्टवेअर म्हणतं, हा माणूस चालतोय. गाडीतले धक्के किंवा हातवारे पावलं म्हणून धरले जाऊ नयेत, म्हणून बरेच बँड सलग काही पावलं पडेपर्यंत थांबतात आणि मगच मोजायला लागतात.

तुमच्या-माझ्या चालीला हे ठीक आहे. आता आजीकडे बघा. पाय जवळजवळ घासत चालतात, त्यामुळे झटका हलका. दोन्ही हात वॉकरवर घट्ट, म्हणजे मनगट जवळपास स्थिर. त्यात खाटेपासून संडासापर्यंत आठ-दहा पावलं, मग थांबा. बँड मोजायला तयार होईपर्यंत तिचं चालणं संपलेलं असतं! टाळ्यांना मात्र जोरही असतो आणि लयही.

दहा हजारांचं भूत

ॲपमध्ये टार्गेट आधीच १०,००० होतं. हा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. त्याच्या जपानी नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. तिथून तो आकडा जगभर गेला.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र मनगटावर नव्हे, कमरेला लावलं होतं. रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्या गटात, २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. पण या स्त्रिया आधाराशिवाय घराबाहेर चालू शकणाऱ्या होत्या. वॉकरवाल्या आजीला हा आकडासुद्धा जसाच्या तसा लावता येत नाही.

मोठ्या मोजणीतही त्या नाहीत

आपल्या देशात ज्येष्ठांची सगळ्यात मोठी पाहणी म्हणजे 'लासी'. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये तिची पहिली फेरी केली. ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण त्यात होते. व्यायाम, कष्टाची कामं यांबद्दल प्रश्न विचारले, हाताची पकड आणि चालण्याचा वेगही तपासला. पण ही पाहणी घरोघर जाऊन केलेली. वृद्धाश्रमातली माणसं त्या घरांत नव्हतीच.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० गरजू ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या 'मुख्यमंत्री वयोश्री योजने'त ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना वॉकर, काठी, चष्मा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. म्हणजे वॉकर मिळेल. पण तो घेऊन माणूस किती चालू लागला, हे कोण बघणार?

गंमत बघा, आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' होतेय. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा बदल टिपायची तयारी. २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लायगो गुरुत्वीय लहरी टिपू शकेल, कारण ते त्याच कामासाठी बनवलंय. आपला बँड तरुणांच्या चालीसाठी बनवलाय आणि आपण तो आजीच्या हातात बांधतोय.

मग करायचं काय?

१. बँड घोट्याला बांधा. हळू चालणाऱ्यांसाठी आणि वॉकरवाल्यांसाठी मनगटापेक्षा घोट्यावरची मोजणी जास्त बरोबर येते. आधी ५० पावलं स्वतः मोजून ताडून बघा.

२. मोबाईलचं स्टॉपवॉच वापरा. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. नेहमीचा वॉकर किंवा काठी चालते. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका जास्त समजतात. अशा वेळी डॉक्टरांना सांगा. चाचणी घेताना शेजारी एक माणूस उभा हवाच.

३. तुलना तिची तिच्याशीच करा, तीही त्याच पद्धतीने मोजून. या महिन्यात १८ सेकंद आणि पुढच्या महिन्यात २४, तर काहीतरी बिघडलंय. गुडघा, चक्कर, नवीन गोळी, चष्मा, काहीही असेल.

४. आधी विचारा. तिच्या उठण्या-झोपण्याची माहिती माझ्या मोबाईलवर येत होती आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात कंपन्यांनी संमती घ्यायची तरतूद आहे. घरातल्या माणसांनी विचारायला कायदा कशाला हवा?

शेवटचं सांगतो. माझ्या त्या फोननंतर आजी आकडा वाढवायला भरभर चालायला लागली होती. एकदा वॉकर फरशीच्या कडेला अडकला. तिथल्या मावशींनी धरलं म्हणून वाचली. हे आजीने मला सांगितलंच नाही, मावशींनी सांगितलं. त्या वयात मांडीचं हाड मोडलं तर माणूस परत उभा राहीलच याची खात्री नसते. एका चुकीच्या आकड्यावरून मी बोललो होतो, आणि ती पडता पडता राहिली.

आता बँड तिच्या घोट्याला असतो, तिला वाटेल तेव्हाच. दर रविवारी मी फोन करतो, पण आकडा बघायच्या आधी विचारतो, "आजी, आज कुठपर्यंत गेली होतीस?" ती सांगते, "फाटकापर्यंत." मग मी ॲप उघडतो. दोन्ही जुळलं नाही, तर आधी बँड तपासतो.