शांत रस्ता रिकामा नसतो

पुण्या-साताऱ्याकडचे सायकलस्वार हायवे सोडून आतल्या रस्त्यांकडे वळू लागले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. चेलाडी फाट्यावरून नसरापूर-वेल्ह्याकडे, कापूरहोळवरून भोरला, भोरहून आंबाडखिंड चढून मांढरदेवमार्गे वाईला, नाहीतर भाटघर धरणाच्या पाण्याकडेने चढउतार करत. पहाटे हे रस्ते इतके निवांत असतात की स्वतःच्या सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू येतो. तिथे जरूर जा, असेच मी प्रत्येकाला सांगतो. मात्र एक गोष्ट मनात पक्की धरून जा. तिथे गाड्या कमी असतात, माणसे आणि जनावरे असतातच. गाडी दिसत नाही म्हणून आपण सैल सुटतो, आणि शांत रस्त्याचा खरा धोका तोच आहे.

चढाची भीती बाळगू नका. वाई ते पाचगणी हा पसरणी घाट साधारण १२ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात आपण साडेपाचशे मीटरहून अधिक उंची चढतो. म्हणजे शंभर मीटरला जेमतेम पाच मीटर. आकडा ऐकून छाती दडपते, पण गिअरची सायकल असेल आणि घाई नसेल तर धडधाकट माणसाला हा चढ जमतो. पायथ्यालाच हलका गिअर घ्या. पाय भरून आल्यावर गिअर बदलण्यात अर्थ नाही. सोबत्याशी दोन वाक्ये बोलता येतील एवढाच वेग ठेवा. बोलता येईनासे झाले की वेग कमी करा, तरी जमेना तर खाली उतरून ढकला. त्यात कमीपणा कसला? तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या, एका बाटलीत मीठ-साखर घाला, खिशात केळी आणि गूळ-शेंगदाणे असू द्या.

आता उताराविषयी, कारण मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचे आहे. चढताना माणूस दमतो, पण पडलाच तर हळू पडतो. उतारावर पायडल न मारता सायकल ताशी ४० किलोमीटरचा वेग सहज धरते. या वेगाने आपण सेकंदाला ११ मीटर पुढे जातो. वळणापलीकडे म्हैस आडवी उभी असेल तर ती दिसून हात ब्रेकवर आवळेपर्यंत तेवढे अंतर संपलेलेच असते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. म्हणून माझे सांगणे सरळ आहे: पुढचा जेवढा रस्ता डोळ्यांना दिसतो तेवढ्यात थांबता येईल, याच वेगाने उतरा. वळण आंधळे असेल तर वेग निम्म्यावर आणा.

ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नव्हे. वळताना करकचून ब्रेक दाबला की चाक घसरते. पुष्कळ नवे लोक पुढच्या ब्रेकच्या भीतीने फक्त मागचाच वापरतात, पण सायकल थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेक करतो. तेव्हा दोन्ही वापरा, बेताने दाबा आणि अंग थोडे मागे न्या. संपूर्ण घाटभर ब्रेक धरून ठेवू नका. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. थोडे दाबा, थोडे सोडा, आणि मधे एखाद्या रुंद जागी थांबून हातांनाही विसावा द्या. मोबाइलवर वेळेची नोंद ठेवून एकमेकांशी स्पर्धा करण्याची पद्धत आता रुळली आहे. चढावर ती खुशाल करा. उतारावरची स्पर्धा मात्र मला चुकीची वाटते, कारण तिथे पणाला लागणारा जीव फक्त आपला नसतो.

दुसऱ्या कुणाचा म्हणाल, तर नोव्हेंबरात भोर-वेल्ह्याकडे जाऊन पाहा. भात कापून झालेले असते. झोडणी करायला, वाळवायला सपाट जागा डोंगरात कुठून मिळणार? मग डांबरी रस्त्याच्या कडेला भात, नाचणी, वरई पसरलेली असते. शेजारी एखादी म्हातारी सूप घेऊन बसलेली, पोर तिथेच खेळत असलेले. तो रस्ता त्या घराचे अंगण आहे. आपण अंगणातून जसे जाऊ तसेच तिथून जायचे. धान्यावरून चाक नेऊ नका, वेग उतरवा, जागा नसेल तर उतरून चाला. “मावशी, जरा जाऊ का?” एवढे विचारले की आपण परके राहत नाही.

गुरांच्या मागून जोरात घंटी वाजवू नका. बिथरलेले जनावर कुठल्या बाजूला उसळेल हे गुराख्यालाही सांगता येत नाही. लांबूनच त्याला हाक मारा, तो गुरे आवरेल, मग जनावराच्या शेपटीकडून सावकाश पुढे जा. कुत्री अंगावर आली तर पळ काढण्याऐवजी उतरा, सायकल मधे धरा आणि शांतपणे चालत राहा. घाटात एसटी समोरून आली तर कडेला थांबा. वळण घेताना तिला सगळा रस्ता लागतो. अरुंद चढावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमच आहे. डोक्यावर भारा घेऊन चढणाऱ्या बाईलाही तो लागू आहे असे समजा.

कानात इअरफोन घालू नका. घाटात वळणापलीकडची गाडी आधी ऐकू येते, मग दिसते. दोघे बोलत शेजारी-शेजारी चालला असाल तर वळणाच्या आधी एकामागे एक व्हा. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा या गोष्टी दिवसाही हव्यात. जादा ट्यूब, पंप, टायर लिव्हर, पंक्चरचे सामान जवळ ठेवा आणि ते वापरायला घरीच शिका. दरीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी सांगून निघा. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक पाठ असू द्या.

पावसाळ्यात या रस्त्यांचे रूप देखणे असते, पण सिमेंटच्या रस्त्यावर शेवाळ धरते, वळणावर मुरूम-खडी वाहून येते आणि रंगाचे पांढरे पट्टे साबणासारखे निसरडे होतात. वरंधा घाटात दरडी कोसळतात. प्रशासनाने घाट बंद केला असेल तर सायकलला काय होते म्हणून आत शिरू नका. मांढरदेवला पौषात काळूबाईची मोठी यात्रा असते. त्या दिवसांत भाविकांना रस्ता मोकळा सोडा आणि दुसरी वाट धरा.

गावातल्या टपरीवर चहा प्या, भाकरी-पिठले मागा आणि पैसे सुटे द्या. वेष्टने, केळीच्या साली खिशातून परत आणा. गावकऱ्यांना आपला राग आला तर तो योग्य कारणासाठीच असेल हे मान्य करायला हवे, कारण रस्ता त्यांच्या रोजच्या जगण्याचा आहे आणि आपण रविवारी सकाळपुरते येतो.

यंदा भातकापणीच्या आठवड्यांत भोरकडे जाणार असाल, तर निघण्यापूर्वी आपल्या गटातल्या प्रत्येकाला सांगा: जिथे रस्त्यावर धान्य पसरलेले दिसेल, तिथे सगळ्यांनी सायकलवरून उतरायचे.