तक्रार कागदावर यावी

बदलीच्या नोकरीत मुलांची शाळा दर तीन-चार वर्षांनी बदलते. परप्रांतात मराठी वळणाची हिंदी बोलणारे मूल वर्गाच्या चेष्टेचा विषय होते, आणि ती चेष्टा डबा हिसकावण्यापर्यंत, क्वचित मारहाणीपर्यंत गेली हे पालकांना फार उशिरा कळते. शाळेचे उत्तर बहुधा ठरलेले: ‘मुलेच ती, चालायचेच. हवे तर तुमच्या मुलाची तुकडी बदलून देतो.’ म्हणजे छळ सोसणाऱ्यालाच हलवायचे! हा तोडगा मला मुळीच मान्य नाही.

महाविद्यालयांतील रॅगिंगसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम आहेत. शाळांसाठीची तरतूद तितकी भक्कम नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलांच्या मानसिक छळास मनाई करते खरे, पण त्याखालील कारवाई सेवानियमांनुसार होते. म्हणजे ती शिक्षकापर्यंत पोहोचते, वर्गमित्रापर्यंत नाही. सीबीएसईने २०१५ साली परिपत्रक काढून संलग्न शाळांना अशा छळाविरुद्ध समिती नेमण्यास सांगितले. ती आपल्या शाळेत आहे का, हे किती पालक विचारतात?

प्रशासनात तोंडी तक्रारीचा मागमूस उरत नाही. म्हणून तारीख, जागा, काय घडले, कोणी पाहिले, एवढे लिहून मुख्याध्यापकांना द्यावे व पोच घ्यावी. मात्र आधी मुलाशी बोलावे; त्याच्या अपरोक्ष दिलेला अर्ज त्याला वर्गात अधिकच एकटे पाडतो. शाळा दाद देत नसेल, तर तोच कागद राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे पाठवावा.